'आधी व्यसन सोडवा, मग आणा' म्हणून दवाखान्यातून परत पाठवलं तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ, वय २६. आधी गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे अफूच्या जातीचं हेरॉइन) ओढायचा, काही महिन्यांपासून सुईने घेतो. डाव्या जांघेत गाठ आली आहे, तीन दिवसांपासून ताप आहे. नागपुरातल्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा केस पेपर काढतानाच सगळ्या रांगेसमोर त्याची उलटतपासणी झाली, ड्रेसिंगवाल्याने हात लावायला टाळाटाळ केली आणि शेवटी "आधी याचं व्यसन सोडवा, मग आणा" म्हणून परत पाठवलं. आता तो कुठेच यायला तयार नाही. पुढच्या ठिकाणी सुईचं सांगायचं की लपवायचं, डॉक्टर पोलिसांना कळवतील का, आणि आधी व्यसनमुक्ती केंद्रात टाकून गाठीचं नंतर बघावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मानसोपचाराचा डॉक्टर आहे. नागपुरात माझी निम्म्याहून जास्त प्रॅक्टिस व्यसनाच्या पेशंटमध्येच गेली. सर्जरीच्या आणि मेडिसिनच्या वॉर्डांतून "पेशंट ऐकत नाही, बघून जा" असे निरोप येतात, तेव्हा तुमच्या भावासारखीच मुलं समोर असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे वेळ वाया जातो आहे. गाठीचं आधी बघायचं, आणि आजच. व्यसनमुक्ती केंद्रात सर्जन नसतो, रक्तात कुठले जंतू आहेत ते शोधणारं कल्चर होत नाही, शिरेतून अँटिबायोटिक देण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. तीन दिवस ताप असलेला, सुई टोचून घेणारा माणूस मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत असायला हवा. मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ पडेल ते. थंडी वाजून ताप, धाप लागणं, छातीत दुखणं, गाठीभोवतीची लाली तासातासाने पसरणं, कातडी काळी पडणं, दिसतंय त्याच्या मानाने फारच जास्त दुखणं, पाय सुजणं, पाठीत कळ येऊन पायातली ताकद कमी होणं, बोलण्यात गोंधळ. यातलं एकही असेल तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आता सांगायचं की लपवायचं. एवढं सगळं झाल्यावर लपवावंसं वाटतं ते मला कळतं. खूप घरचे लोक "खेळताना लागलं", "कीडा चावला" असं सांगतात. पण जागा जांघेची आहे. तिथे पायाला रक्त नेणारी मोठी धमनी आणि शीर अगदी लागून असतात. सुई टोचणाऱ्याच्या जांघेतली गाठ दर वेळी नुसती पुवाची नसते. कधी कधी सुईने धमनीच्या भिंतीला भोक पडून तिथे रक्ताचा फुगा झालेला असतो, आणि वरून तो हुबेहूब गळवासारखा दिसतो: लाल, गरम, दुखरा. कॅज्युअल्टीत गर्दीच्या वेळी एखाद्या रेसिडेंटने साधं गळू समजून चीर दिली तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. चीर द्यायच्या आधी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी हवी, आणि ती करायचं सर्जनला तेव्हाच सुचेल जेव्हा या जागी सुई टोचली जात होती हे त्याला माहीत असेल. म्हणून तुम्ही स्वतः स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, हा याच जागी इंजेक्शन घ्यायचा. चीर देण्याआधी डॉप्लर करणार ना?" या एका वाक्याचा त्याला फार मोठा उपयोग होईल.

तापाचंही तसंच. सुईवाटे जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या झडपेवर बसू शकतात, बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या झडपेवर. तिथे जमलेल्या जंतूंच्या गुठळ्यांचे कण फुफ्फुसात जातात आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनिया किंवा टीबीसारखे डाग दिसतात. सुईचं कोणी सांगितलं नाही तर पेशंटवर आठवडेच्या आठवडे भलतेच उपचार होतात. सांगितलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर जातं, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको होते. झडपेचा संसर्ग निघाला तर बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सांगायचं, पण कुणाला? केस पेपरच्या खिडकीवर "जांघेत गाठ, तीन दिवस ताप" एवढं पुरे. तिथल्या माणसाला बाकीचं कळायची गरज नाही. तपासणारा डॉक्टर आणि वॉर्डातल्या सिस्टर यांना मात्र पूर्ण खरं सांगा: काय घेतो, किती दिवसांपासून, शेवटचं कधी घेतलं, सोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू आहे का. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. गर्द अचानक बंद झाला तर हाल होतात, पण त्याने सहसा जीव जात नाही. दारू किंवा अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्याचं अचानक बंद झालं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यूही. वॉर्डात दाखल झालेल्या माणसाचं सगळंच एका दिवसात बंद होतं, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे त्याकडे येतो. समजा सगळं नीट झालं, भावाला बेड मिळाला, सलाईन लागलं. त्यानंतर काय होतं ते मी फार वेळा बघितलं आहे.

शेवटचा डोस घेऊन आठ-बारा तास झाले की त्याला जांभया यायला लागतात. नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, हाडांत ठणका, पाय एका जागी ठरत नाहीत. आमची पोरं याला 'टर्की लागली' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शिगेला पोहोचतं. त्यात जांघेची जखम ओली, ड्रेसिंगच्या वेळी डोळ्यांसमोर अंधारी. तो दुखतंय म्हणून ओरडतो. साधी पॅरासिटामॉल दिली जाते. तो आणखी मागतो. सिस्टरला वाटतं नशेसाठी नाटक करतो आहे. खरं तर रोज अफूच्या जातीचं औषध घेणाऱ्याच्या शरीराला वेदनाशामकाची सवय झालेली असते, त्याला इतरांपेक्षा जास्त मात्रा लागते. आणि त्या काळात वेदना सहन करायची ताकदही इतरांपेक्षा कमी झालेली असते. तो चिडतो, शिवी देतो. वॉर्डातले मामा दम देतात. रात्री दोनच्या सुमारास तो सलाईनची सुई उपसून निघून जातो. सकाळी राउंडला फाइलवर लिहिलं जातं की पेशंट न सांगता गेला. पाच दिवसांनी तो दुप्पट सुजलेला पाय घेऊन परत येतो, तेव्हा कॅज्युअल्टीत लगेच ओळखतात: "अरे, हा तोच पळालेला." दुसऱ्या वेळी त्याला बेड मिळणं आणखी कठीण असतं.

या सगळ्यात कोणी दुष्ट नाही. सिस्टरकडे एका रात्री तीस-चाळीस पेशंट असू शकतात. पण त्याच्या टर्कीवर औषध दिलं असतं तर तो गेला नसता, आणि ते औषध आपल्याकडे आहे. ब्यूप्रेनॉर्फीन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी आहे. मेथाडोन या तशाच कामाच्या औषधासोबत ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ मध्येच आली. टर्कीची लक्षणं नीट सुरू झाल्यावर ती दिली की तास-दोन तासांत माणूस माणसात येतो. फार लवकर दिली, म्हणजे अंगात गर्द असतानाच दिली, तर उलट त्रास एकदम वाढतो. म्हणून ती अनुभवी डॉक्टरच्या हातूनच सुरू व्हायला हवी. ती त्या क्षणी नसली तरी क्लोनिडीन, जुलाबावर, उलटीवर, अंगदुखीवर, झोपेवर देता येण्यासारखं बरंच काही आहे. उपचाराशिवाय ठेवण्याचं कुठलंही वैद्यकीय कारण नाही. चार ते सहा आठवड्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स, जो मघाशी लक्षात ठेवायला सांगितला, तो टर्कीचा उपचार न करता पुरा होणं जवळपास अशक्य आहे.

म्हणून भरती होताच, पहिल्याच संध्याकाळी, युनिटच्या डॉक्टरला शांतपणे म्हणा: "याला रात्री विथड्रॉवल सुरू होईल. सायकॅट्रीचा रेफरन्स आजच टाकता का?" मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. रेफरन्स सकाळी टाकू म्हणाले तर आजच्या रात्रीसाठी काय द्यायचं ते फाइलवर लिहून घ्या. ही मागणी नातेवाइकाने करायची पद्धत आपल्याकडे नाही, म्हणून संकोच वाटेल. तरी करा.

वॉर्डात काम करणारी बरीच मंडळी हे वाचत असतील. त्यांनाही एक सांगायचं आहे. यांना हात लावण्याची भीती मला माहीत आहे. तिच्या मुळाशी सुई टोचण्याची भीती असते. एचआयव्ही असलेल्या पेशंटची वापरलेली सुई टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण हजारात तीन. बी प्रकारच्या काविळीची, लस न घेतलेल्यांमध्ये, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. म्हणजे लस घेतली नसेल तर खरा धोका तिथे आहे, आणि तो कपाळावर काहीही न लिहिलेल्या, सुशिक्षित दिसणाऱ्या पेशंटकडूनही असू शकतो. ग्लोव्ह सगळ्यांसाठी घालायचे, सुईला टोपण परत लावायचं नाही, लस पूर्ण करायची, आणि टोचलीच तर शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत एचआयव्हीविरोधी औषध सुरू करायचं. एवढं पाळलं की गर्दच्या पेशंटचं ड्रेसिंग आणि बाजूच्या खाटेवरच्या आजोबांचं ड्रेसिंग यांत काही फरक राहत नाही. खाटेवर लाल अक्षरात एचआयव्ही लिहून ठेवण्याची गरजही राहत नाही. तसं करणं आता कायद्यातही बसत नाही.

याच नागपुरात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण खाऊन तोंड दोन बोटंसुद्धा न उघडणारे किती पेशंट येतात बघा. तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत ते आणि त्यांचे घरचे बसलेले असतात. खर्ऱ्यातली तंबाखूही व्यसनच, सोडायला तीही अवघड. त्यांना "आधी खर्रा सोड, मग गाठ बघू" असं सांगणं कुणालाच पटणार नाही. गाठीचे उपचार सुरू होतात आणि खर्रा सोडवण्याचे प्रयत्न सोबत चालतात. हे अगदी योग्य आहे. गर्द, एमडी (मेफेड्रोन), गोळ्या, हुंगायचं सोल्युशन घेणाऱ्यांसाठी मी एवढंच मागतो आहे, यापेक्षा जास्त काही नाही.

फरक येतो कुठून? खर्रा आपल्या घरातला, ऑफिसातला, ऑटोतला. गर्द म्हटलं की पोलीस, चोरी, रेल्वे लाइन डोळ्यांपुढे येते. हे फक्त आपल्या शहरात नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासात १४ देशांतल्या जाणकारांना १८ वेगवेगळ्या अवस्थांबद्दल विचारलं होतं. समाजाची नापसंती सगळ्यात जास्त कशाला, तर ड्रग्जच्या व्यसनाला. डॉक्टरही त्याच समाजातून येतात. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत व्यसनाच्या उपचारावर फार थोडे तास असतात, आणि इंटर्नशिपमध्ये हे पेशंट भेटतात ते रात्री, सगळ्यात वाईट अवस्थेत. बरा होऊन नोकरीला लागलेला पेशंट कॅज्युअल्टीत कशाला जाईल? त्यामुळे तिथल्या डॉक्टरला तो कधी दिसतच नाही. "हे लोक सुधारत नाहीत" हे मत असंच पक्कं होत जातं.

आणि परिणाम पाहा. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. त्यानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. अफूच्या जातीच्या पदार्थांसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळालेला होता. दारू तर त्यातल्या त्यात समाजाने सामावून घेतलेली, तरी ही स्थिती. उपचाराच्या जागा कमी आहेत हे खरंच, पण असलेल्या जागेपर्यंत माणूस पोहोचत नाही त्याला हा अपमान मोठं कारण आहे. साधं उदाहरण घ्या: इथे प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं तर ऑटोवाल्याला अजून 'पागलखाना चौक' सांगावं लागतं. भावाला घेऊन निघालेली किती घरं त्या एका उच्चाराला घाबरून माघारी फिरतात, हे मी ऐकत आलो आहे.

पोलिसांचं. एखादा माणूस नशा करतो एवढ्यावरून डॉक्टरने पोलिसांना कळवावं, असं बंधन कायद्यात नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत धरल्या आहेत, त्यामुळे गोपनीयतेचा आणि भेदभावाशिवाय उपचार मिळण्याचा हक्क तुमच्या भावाला लागू होतो. मारहाण, अपघात, विषबाधा, जास्त डोस होऊन बेशुद्ध पडणं अशा वेळी रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद करतं, पोलीस येऊन जबाब घेतात. त्या प्रक्रियेला घाबरून बेशुद्ध माणसाला घरी ठेवू नका, त्यात जीव जातो.

गर्द घेणं हा १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे: व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार मागितले तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठीच्या खटल्यातून त्याला संरक्षण मिळतं, अट ही की उपचार पुरे करायचे. हे संरक्षण कुणालाच माहीत नसतं. भावाला एक गोष्ट मात्र बजावा, खिशात पुडी ठेवून वॉर्डात जायचं नाही.

तातडीच्या वेळी परत पाठवण्याबद्दल तर १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, सरकारी असो की खासगी. पुन्हा कोणी परत पाठवलं तर वाद घालू नका. "नाकारण्याचं कारण केस पेपरवर लिहून द्या" एवढं म्हणा. बहुतेक वेळा इथेच गोष्ट बदलते. नाही बदलली तर कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, मग वैद्यकीय अधीक्षक. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. त्यांच्या खोलीत जा, योजनेची कागदपत्रं, औषधं, वॉर्डातल्या अडचणी यात ते खरंच मदत करतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. फुकट वकील हवा तर विधी सेवेचा क्रमांक १५१००.

एचआयव्हीची तपासणी करतील, करायलाही हवी. पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे ती संमती घेऊन, आधी आणि नंतर समुपदेशन करून करायची असते, आणि रिपोर्ट वॉर्डभर जाहीर करायचा नसतो. सोबत बी आणि सी काविळीचीही तपासणी मागा. सी प्रकारची कावीळ सुई वाटून घेणाऱ्यांत फार आढळते, आणि ती आता बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. "अजून नशा करतो म्हणून औषध नाही" असं कोणी म्हणालं तर ते शास्त्राला धरून नाही. नशा चालू असलेले पेशंटही हा कोर्स पुरा करतात आणि बरे होतात.

टीबी निघाला तर एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ही दोन विभागांच्या मधे हरवते. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की ब्यूप्रेनॉर्फीनचं आणि मेथाडोनचं रक्तातलं प्रमाण कमी होतं. पेशंटला पुन्हा टर्की लागते आणि तो टीबीची गोळी बंद करतो किंवा पुन्हा गर्दकडे जातो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असली तर डोस वाढवून हे टाळता येतं.

आता भाऊ यायलाच तयार नाही, त्याबद्दल. एका पेशंटने मला सांगितलेलं अजून कानात आहे: "डॉक्टर, शिव्या तं मी रस्त्यावर रोजच खातो. पण त्या दिवशी माय सोबत होती ना." त्याचा पाय सडत होता आणि तो सहा महिने कुठल्याही दवाखान्याची पायरी चढला नाही. तुमच्या भावाचाही राग बहुधा तुमच्यासमोर झालेल्या अपमानाचा आहे. त्याला व्यसनावर काहीही बोलू नका, शपथ घालू नका, आईच्या डोळ्यांतलं पाणी दाखवू नका. "बाळा, आपण फक्त पायासाठी चाललो आहोत. सुईचं मी सांगते, तू गप राहा. तुला रात्री त्रास होईल त्याचंही औषध मागून घेते" असं म्हणा. आणि हे शेवटचं खरंच करा. टर्कीची भीती त्याला अपमानाइतकीच आहे, फक्त तो ती बोलून दाखवत नाही. शक्यतो आजच निघा; उद्यावर गेलंच तर सकाळी लवकर, गर्दी कमी असते. आणि त्याच्या ओळखीचा, सोडलेला कोणी मित्र असेल तर त्याला सोबत घ्या.

केंद्रात टाकण्याचा विचार नंतरही जपून करा. मध्यरात्री गाडी आणून उचलून नेणारी, कुलपात ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रं आपल्या भागात आहेत. तिथून आलेल्या मुलांच्या अंगावरचे वळ मी पाहिले आहेत. व्यसनमुक्ती केंद्राला मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्या कायद्याच्या कलम ९५ ने कुणालाही साखळीने बांधायला मनाई केली आहे. नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कोण आणि किती वेळा येतो ते विचारा, भेटायला देणार का ते विचारा. याहून महत्त्वाचं म्हणजे गर्दसारख्या व्यसनात दोन-तीन महिने कोंडून ठेवल्याने ओढ जात नाही, पण शरीराची सवय मात्र मोडते. बाहेर येऊन त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. केंद्रातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

त्यापेक्षा गर्दवाल्यांसाठी ओएसटी, म्हणजे गर्दच्या जागी डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध देण्याचा उपचार, जास्त कामाची. केंद्रावर जाऊन रोज जिभेखाली ब्यूप्रेनॉर्फीन घ्यायचं, सुई सुटते, कामावर जाता येतं. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं तुम्हाला नातेवाईक म्हणतील, काही डॉक्टरही म्हणतील. ब्यूप्रेनॉर्फीनने टर्की थांबते, त्यासाठी चोरी करावी लागत नाही, सुई वाटून घेतली जात नाही, आणि जास्त डोसने मरण्याचा धोका खूप कमी होतो. किती महिने किंवा वर्षं घ्यायचं ते डॉक्टर आणि पेशंट मिळून ठरवतात, घाईने बंद करू नये. जवळचं केंद्र कुठे आहे आणि स्वच्छ सुया देणारा प्रकल्प कुठे आहे ते १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर विचारता येईल. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानस १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं, आणि हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

एमडी किंवा व्हाइटनर-सोल्युशनसाठी अशी बदली गोळी नाही, तिथे उपचार वेगळे. तुमच्या प्रश्नात ते नाही, म्हणून त्यात शिरत नाही. कोणाच्या घरात मुलगी किंवा सून नशा करत असेल तर तिला दवाखान्यात याच्या दुप्पट ऐकून घ्यावं लागतं, आणि घरचेच तिला आधी लपवतात. ती गरोदर असेल तर अफूच्या जातीचं औषध अचानक बंद करू नका. त्याने पोटातल्या बाळाला धोका होतो. तिलाही ब्यूप्रेनॉर्फीनवर ठेवता येतं, डॉक्टरांशी बोला.

गाठ फुटून किंवा चीर देऊन पू निघाला की काही आठवडे ड्रेसिंगला जावं लागेल. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच सिस्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का ते बघा. रोज दहा मिनिटं कोणी तरी त्याच्या जखमेला हात लावतं आणि वाईट बोलत नाही, असे आठ-दहा दिवस गेले की बहुतेक पोरं आपणहून विचारतात, "ती गोळी कुठं भेटते?" तोवर तुम्ही विषय काढू नका. त्याने विचारलं की त्याच आठवड्यात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन जा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. जाताना डिस्चार्जचं कार्ड, कल्चरचा आणि काविळीचा रिपोर्ट, चालू औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत सोबत ठेवा, म्हणजे त्याला नव्या डॉक्टरसमोर सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.